निसर्ग वादळानंतर घर झाकणारी ताडपत्री: पाच पावसाळ्यांच्या वापरानंतरचे मत

श्रीवर्धन तालुक्यातील आमचे घर चिऱ्याच्या भिंतींचे आणि मंगलोरी कौलांचे आहे. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता आणि आम्ही पाच माणसे माजघराच्या भिंतीला पाठ लावून बसलो होतो. चारच्या सुमारास बाहेर आलो, तर समुद्राच्या बाजूचे पाखे, म्हणजे छपराची उतरती बाजू, जवळजवळ उघडे पडले होते. चारशेच्या आसपास कौले गेली होती, आढ्यावरची, म्हणजे छपराच्या माथ्यावरची, कौले फुटून अंगणात विखुरली होती आणि माळ्यावर ठेवलेल्या सासूबाईंच्या पेटाऱ्यावर वरून सरळ आभाळ दिसत होते. वाडीतली सुपारी आडवी झाली होती, त्याविषयी लिहायला बसले तर हा लेख भलतीकडे जाईल. येथे मला लिहायचे आहे ते त्यानंतरचे पाच महिने आमचे घर ज्या वस्तूच्या आधाराने उभे राहिले तिच्याविषयी, म्हणजे दोनशे जीएसएमच्या (चौरस मीटरला दोनशे ग्रॅम वजनाच्या), चोवीस फूट लांब आणि अठरा फूट रुंद ताडपत्रीविषयी.

ती आमच्या घरातली पहिली ताडपत्री नव्हती, हे आधी सांगितले पाहिजे. वादळाच्या दुसऱ्याच दिवशी जवळच्या बाजारपेठेतील एका दुकानातून, जी मिळाली ती, निळ्या रंगाची पंधरा फूट बाय बारा फुटांची ताडपत्री सहाशे रुपयांना आणली होती. टाळेबंदी चालू होती, वीज नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती, रस्ते झाडांनी अडलेले होते आणि प्रत्येक घराला एकाच वेळी तीच वस्तू हवी होती. अशा वेळी गिऱ्हाईक घासाघीस करत नाही आणि वस्तू उलगडूनही पाहत नाही. वेष्टनावर १२० जीएसएम असे छापलेले होते. ती चौथ्या रात्री फाटली. मधे कोठे चीर गेली नव्हती. कडेच्या चार रिंगा एकामागून एक कापडासकट उपटून आल्या आणि मोकळा झालेला कोपरा पहाटेपर्यंत वाशांवर चाबकासारखा आपटत राहिला.

सकाळी तो ओला बोळा वाळवून मी भात मोजायच्या ताणकाट्यावर टांगला. पंधरा बाय बारा फूट म्हणजे सुमारे पावणेसतरा चौरस मीटर. चौरस मीटरला १२० ग्रॅम धरले तर वजन दोन किलो भरायला हवे होते. काटा एक किलो तीनशेवर थांबला. म्हणजे ऐंशी जीएसएमसुद्धा नाही. जीएसएम हा शब्द दुकानदार रंगाच्या किंवा कंपनीच्या नावासारखा उच्चारतो, पण त्याचा अर्थ एका चौरस मीटरचे ग्रॅममधील वजन एवढाच आहे, आणि ते कोणालाही घरच्या काट्यावर तपासता येते. हा हिशेब मी आधी केला असता तर सहाशे रुपये आणि एक रात्र वाचली असती.

दुसरी ताडपत्री यजमानांनी रस्ता मोकळा झाल्यावर माणगावच्या बाजारातून आणली. तेथील दुकानदाराने चार रुपये चौरस फुटाने १,७२८ रुपये घेतले, वर पावतीही दिली, आणि वजन करून मागितल्यावर कपाळाला आठी न घालता गठ्ठा काट्यावर ठेवला. आठ किलोला जेमतेम पाव किलो कमी भरले. तेवढा फरक मापातला होता, कारण चोवीस बाय अठरा हे कडा दुमडण्यापूर्वीचे माप असते. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी तीन-चार इंच कमी मिळतात. ही पद्धत सगळीकडे चालते, तेव्हा मोजून घेणाऱ्याने घराच्या मापात फूटभर वाढवूनच मागणी करावी.

वस्तू म्हणून ही ताडपत्री कशी आहे, ते जरा तपशिलाने सांगते. ही प्लॅस्टिकच्या चपट्या पट्ट्या उभ्या-आडव्या विणून, त्या विणीवर दोन्ही बाजूंनी पातळ थर चढवून केलेली असते. नावात ताड असले तरी ताडाशी तिचा संबंध नाही. इंग्रजी 'टारपॉलिन' हा शब्द आपल्या तोंडी वळताना तसा झाला असावा. विणलेल्या ताडपत्रीसाठी आय.एस. ७९०३ हे भारतीय मानक आहे आणि आमच्या ताडपत्रीच्या कोपऱ्यावर त्याची खूण छापलेली आहे, पहिलीवर अशी कोणतीच खूण नव्हती. खरा फरक मात्र कडेला दिसतो. चांगल्या ताडपत्रीची कड आत दोरी घालून दुमडलेली आणि उष्णतेने चिकटवलेली असते, रिंगा अॅल्युमिनियमच्या असून साधारण तीन तीन फुटांवर असतात आणि चारही कोपऱ्यांना जादा तुकडा लावलेला असतो. वाऱ्याचा सगळा ओढा रिंगांवर येतो, मधल्या कापडावर नव्हे. म्हणून विकत घेताना मी आता मधला भाग चोळून पाहत नाही, रिंगेत अंगठा अडकवून कड जोराने ओढून पाहते.

पण उत्तम ताडपत्रीसुद्धा वाईट बांधली तर आठवडाभर टिकत नाही, आणि याचे श्रेय मला गावातल्या सुतारदादांना दिले पाहिजे. मजूर मिळत नव्हते, त्यांच्या स्वतःच्या घराचे पत्रे उडालेले होते, तरी ते एक दिवस आले. आम्ही भोक पडले तेवढाच भाग झाकायच्या विचारात होतो. ते म्हणाले, "वहिनी, पाणी वरून येतं. आढं ओलांडून पलीकडे तीन फूट घेतल्याशिवाय मी चढत नाही." भोकाच्या वरच्या अंगाला कौले शाबूत असली तरी त्यांच्यावरून वाहणारे पाणी ताडपत्रीच्या वरच्या कडेखाली शिरते आणि झाकलेल्या जागेतच गळते, हे ऐकल्यावर पटले, सुचले मात्र नव्हते. वरची कड त्यांनी खिळ्यांनी सरळ ठोकली नाही. ती एका लांब रिपेवर, म्हणजे लाकडी पट्टीवर, तीन वेढे गुंडाळली आणि मग रीप पलीकडच्या वाशांना ठोकली, त्यामुळे ओढा एका खिळ्यावर न येता सगळ्या लांबीवर वाटला गेला. आढ्याच्या धारेवर आणि फुटक्या कौलांच्या कडांवर आधी गोणपाट अंथरले, कारण कौलाची धार वाऱ्याने हलणाऱ्या प्लॅस्टिकला करवतीसारखी कापते. खालची कड नायलॉनच्या दोरीने पडवीच्या खांबांना बांधली आणि अधेमधे वाळूने अर्ध्या भरलेल्या पिशव्या जोडीजोडीने, दोरीच्या दोन टोकांना बांधून, आढ्याच्या दोन्ही अंगांना लोंबत सोडल्या. सुटे दगड त्यांनी वर ठेवू दिले नाहीत. पहिल्या ताडपत्रीवर आम्ही तेच ठेवले होते आणि त्यातला एक तुळशीवृंदावनाजवळ येऊन पडला होता.

त्यांनी ताण देताना जी काळजी घेतली तिचे कारण मला जुलैत कळले. एका जागी रिपा मोडलेल्या होत्या आणि तेथे ताडपत्रीला पोट सुटले. तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि अर्धा फूट खोल एवढ्या पोटात सव्वाशे लिटर पाणी मावते, म्हणजे सव्वाशे किलो वजन मोडक्या छपराला टांगून ठेवल्यासारखे झाले. मी माळ्यावर उभी राहून केरसुणीच्या दांड्याने ते पाणी खालून वर ढकलून पागोळीपर्यंत न्यायची. दिवसातून तीनदा, पाऊस जोराचा असेल तर रात्रीही. शेवटी खालून बांबूच्या दोन कामट्या कमानीसारख्या ताणून बसवल्या आणि ते काम संपले.

तक्रारीही आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. कौलांच्या छपराला जो वारा असतो तो ताडपत्रीखाली राहत नाही. आत दमटपणा साठतो, प्लॅस्टिकच्या आतल्या अंगाला घाम धरून तो वाशांवर ठिबकतो, आणि ऑगस्टपर्यंत आमच्या जुन्या सागवानावर पांढरी बुरशी आली होती. नंतर वळचणीला विटेचे तुकडे ठेवून खालची कड चार बोटे उचलली, तेव्हा थोडा फरक पडला. दुसरी गोष्ट आवाजाची. एरवी कौलांवरच्या पावसाने झोप लागते, ताडपत्रीवरच्या पावसाने ती उडते; आमच्याकडे वीज यायला जवळजवळ महिना लागला, त्या अंधाऱ्या रात्रींत त्या फडफडीने सासूबाई दर तासाला उठून बसत. आणखी एक म्हणजे ओली ताडपत्री शेवाळापेक्षा निसरडी असते. तिच्यावर पाय ठेवून कोणीही चढू नये; आम्ही आढ्याला बांधलेली शिडी आडवी पसरून तिच्यावरूनच वावरलो.

कागदपत्रांची एक बाब येथेच सांगते, कारण ती ताडपत्रीशी जोडलेली आहे. झाकण्याची घाई असली तरी उघड्या पाख्याचे, पडलेल्या कौलांचे आणि आतल्या भिजलेल्या सामानाचे फोटो आधी काढून ठेवावेत. तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत घर झाकलेले असते आणि झाकलेल्या घराचे नुकसान बाहेरून अर्धेच दिसते. आम्ही फोनमध्ये उरलेली शेवटची बारा टक्के बॅटरी त्या फोटोंवर खर्च केली, आणि पंचनाम्याच्या वेळी ते फोटोच कामी आले.

दिवाळीनंतर नवी कौले चढली आणि ताडपत्री खाली उतरली. धुऊन, सावलीत वाळवून, कडूनिंबाचा पाला घालून गुंडाळून ठेवली, कारण उंदराला तिच्या घड्या फार आवडतात. पुढच्याच वर्षी १७ मे २०२१ च्या आसपास तौक्ते वादळ आमच्या समोरून समुद्रातूनच उत्तरेला गेले. त्या वेळी ती आदल्या संध्याकाळीच काढून धान्यावर आणि गाद्यांवर घातली. पाच-सहा कौलेच हलली, पण गाद्या कोरड्या राहिल्या. त्यानंतरचे पावसाळे तिने ओटीसमोर झड अडवण्यात आणि एकदा पेंढ्याची उडवी झाकण्यात काढले. कोकणातल्या पावसापेक्षा तिला एप्रिल-मेचे ऊन अधिक बाधले. ज्या वर्षी ती उडवीवर दोन महिने उन्हात राहिली, त्याच वर्षी घडीच्या रेषांवरचा वरचा थर पापुद्र्यासारखा सुटू लागला. पाचव्या पावसाळ्यात, २०२४ मध्ये, त्या रेषांतून पाणी झिरपले. रिंगा मात्र एकही सुटलेली नाही.

पाचपैकी गुण द्यायचे तर मी तिला साडेचार देईन. अर्धा गुण घामाचा आणि बुरशीचा कापला आहे. पत्र्यांचा तुटवडा आणि मजुरांची वानवा असताना १,७२८ रुपयांत पाच महिने घर कोरडे ठेवणारी दुसरी वस्तू मला तरी त्या बाजारात दिसली नाही. ज्यांचे घर कौलारू आहे त्यांनी दोनशे जीएसएमच्या खालची घेऊ नये, आणि एका मोठ्या ताडपत्रीऐवजी मधल्या मापाच्या दोन घ्याव्यात, कारण आठ किलोचे धूड वाऱ्यात वर चढवायला चार माणसे लागतात आणि वादळानंतर चार माणसे रिकामी नसतात. खरेदी एप्रिलमध्ये करावी. जूनमध्ये दुकानात जे उरते, ते आमच्या निळ्या ताडपत्रीच्या जातीचे असते.

यंदा अठरा बाय बारा फुटांच्या दोन नव्या आणल्या. जुनीचे चार तुकडे केले आहेत. तीन लाकडांच्या मोळ्यांवर पडले आहेत आणि चौथा, रिंगांसकट, सासूबाईंनी आपल्या पेटाऱ्यासाठी मागून घेतला आहे.