गिरणगावचं वॉटरकलर: धूर एक नंबर, फ्रेम भंगार

लालबाग-परळच्या गिरण्यांचं हे वॉटरकलर ऑनलाइन मागवलं, प्रिंट नाही ओरिजिनल, ए-थ्री साइज, फ्रेमसकट साडेचार हजार. चित्राला चार स्टार, फ्रेम आणि पॅकिंगला एक, तोही डिलिव्हरीवाल्या पोरानं लिफ्ट बंद असताना वर आणून दिलं म्हणून.

आधी चांगलं सांगतो. गिरणीचं चित्र म्हटलं की बरेच जण चिमणी काढतात आणि वर काळा रंग थापतात, झालं काम. इथे तसं नाहीये. धुराचा करडा बहुतेक अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून केलाय, कारण अगदी जवळून बघितलं तर निळे आणि तपकिरी कण कागदाच्या खळग्यांत वेगवेगळे बसलेत, काजळी धरल्यासारखे, आणि ही मजा प्रिंटमध्ये येत नाही बरं का. मागे काचेचे टॉवर नुसत्या फिकट वॉशमध्ये, म्हणजे पातळ पाणीदार रंगात सोडलेत. १८५४ ला कावसजी दावरांनी ताडदेवला मुंबईतली पहिली कापड गिरणी काढली तिथपासून १९८२ चा गिरणी कामगारांचा संप आणि पुढे फिनिक्स गिरणीच्या जागेवरचा मॉल, सगळं एकाच कागदावर. आवारातलं तळंही घेतलंय, गिरणीला पाणी लागायचं म्हणून असायचं ते, त्यात चिमणी उलटी दिसते, तो तुकडा सगळ्यात भारी जमलाय.

एक स्टार का कापला? छपरामुळे. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर काढलंय छान, पण काचा मावळत्या सूर्याकडे! त्या उत्तरेला असायच्या, म्हणजे ऊन आत न येता दिवसभर सारखा उजेड. आमचे काका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, त्यांनी बघताक्षणी पकडलं, "अरे ऊन थेट साच्यावर आलं तर तुटलेला धागा दिसणार कसा?" आणि माणसं फारच कमी, पाळी सुटायची वेळ दाखवलीये तर रस्त्यावर गर्दी नको?

फ्रेमचं काय बोलू. काच म्हणून ॲक्रिलिक, त्यावर चरे, आणि आत माउंटच (चित्र आणि काचेत अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट) नाही म्हणजे चित्र थेट शीटला चिकटलेलं, पावसाळ्यात बुरशी धरायला मोकळं. एक कोपराही दबलाय. विक्रेत्याला फोटो पाठवले तर "नोटेड सर" एवढंच, पुढे सामसूम.

घ्यायचं असेल तर विनाफ्रेमचा ऑप्शन आहे, सातशे रुपये कमी पडतात, तोच घ्या आणि जवळच्या फ्रेमवाल्याकडून माउंट टाकून खरी काच लावून घ्या.