पुढचं कॅम्पेन कुठल्या जगात? वेगळ्या वाटेच्या फँटसी सेटिंगची तुलना

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळात एक जण गोष्ट चालवतो आणि बाकीचे आपापलं कॅरेक्टर घेऊन फासे टाकतात. त्यातलं मोठं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका चालणारी एकच गोष्ट, संपलं की पुढे कुठल्या जगात खेळायचं हा विषय टेबलावर निघतोच. तेच किल्ले, तेच एल्फ, टॅव्हर्नच्या कोपऱ्यात बसलेला तोच गूढ म्हातारा आता पुरे. काहीतरी वेगळं खेळू. मग कोणीतरी पुस्तकांतली चित्रं दाखवतं आणि चित्रांवरूनच निर्णय होतो. चित्रांची जादू पहिल्या एक-दोन सेशनमध्ये, म्हणजे बैठकांत, ओसरते. त्यानंतर खरा प्रश्न उरतो: या जगात खेळाडू दर सेशनला करणार काय, आणि त्या जगाचं वेगळेपण फाशांपर्यंत पोचतं का? इथली तुलना मी याच निकषावर केली आहे.

डार्क सन हे यातलं सगळ्यात निर्दय जग. 1991 मध्ये टीएसआर या प्रकाशकाने ते डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डीअँडडी, या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी काढलं. अथास हा वाळवंटी ग्रह, आणि तो वाळवंट झाला तो जादूमुळेच. मंत्र टाकला की आसपासच्या झाडाझुडपांतलं चैतन्य ओढलं जातं. सांभाळून जादू करणारे ते प्रिझर्व्हर. जमिनीची राख करून पटकन ताकद मिळवणारे ते डिफायलर. देव नाहीत. नगरराज्यांवर सॉर्सरर-किंग, म्हणजे जादूगार राजे, सत्ता गाजवतात. धातू इतका दुर्मिळ की नाणी भाजलेल्या मातीची आणि हत्यारं हाडाची, लाकडाची, नाहीतर ऑब्सिडियनची (ज्वालामुखीच्या काचेची).

हे सगळं नुसतं वर्णन राहिलं असतं तर मी ते सुचवलं नसतं. चौथ्या आवृत्तीसाठी 2010 मध्ये आलेल्या पुस्तकात हत्यार तुटण्याचा एक छोटा नियम आहे. हल्ल्याच्या फाशावर 1 पडला की खेळाडूपुढे दोन वाटा असतात. वार हुकला हे मान्य करायचं आणि हत्यार वाचवायचं, किंवा फासा पुन्हा टाकायचा. पुन्हा टाकला, की वार लागो वा न लागो, हाडाचं हत्यार गेलंच. धातूचं मात्र दुसऱ्या फाशावर 5 किंवा त्याहून कमी आलं तरच तुटतं. समोर शत्रू, हातात शेवटचा भाला, आणि सगळं टेबल त्या एका खेळाडूकडे बघतंय. या जगात लोखंडाची किंमत काय, हे डीएमला (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा) वेगळं सांगावं लागत नाही.

दोन गोष्टी आधी ठरवून घ्या. अथासवर गुलामगिरी सर्रास आहे आणि ती कथेच्या केंद्राशी आहे, त्यामुळे सेशन झिरोमध्ये, म्हणजे खेळाआधीच्या बैठकीत, सगळ्यांशी मोकळेपणाने बोलल्याशिवाय हे जग उघडूच नका. आणि 2014 च्या पाचव्या आवृत्तीसाठी डार्क सनचं पुस्तक निघालंच नाही. तिथे खेळायचं तर नियमांच्या रूपांतराचं काम डीएमच्या गळ्यात. ज्यांना कॅरेक्टर मेलं की फार लागतं, त्यांनीही विचार करावा. मूळ संचात प्रत्येक खेळाडूने चार कॅरेक्टर तयार ठेवायची पद्धत होती, आणि ती उगाच नव्हती.

अंधार हवा, पण वाळवंट नको असेल, तर डोस्कव्होल. ब्लेड्स इन द डार्क या जॉन हार्परच्या 2017 च्या खेळातलं हे शहर. सूर्य कधीच फुटून गेलाय, मेलेल्यांची भुतं बाहेर भटकतात, आणि शहराभोवती विजेचं कुंपण आहे. ते कुंपण समुद्रातल्या महाकाय लेव्हायथनच्या रक्तावर चालतं. तुम्ही वीर नाही, तर चोरांची टोळी. इथे कोणाचा जीव गेला की स्मशानगृहातली घंटा आपोआप वाजते, एक कावळा प्रेताच्या शोधात उडतो आणि भुतांचा बंदोबस्त करणारे स्पिरिट वॉर्डन मागावर येतात. म्हणून नियमांतही खून महाग आहे: चोरीत कोणी मारलं गेलं, तर टोळीच्या नावावर 2 हीट (पोलिसांचं लक्ष मोजणारे गुण) जास्त चढते. डीअँडडीची सवय लागलेली पार्टी, म्हणजे खेळाडूंचा गट, जी दार उघडताच तलवार उपसते, ती तीन-चार सेशनमध्ये स्वतःहून हळू पावलं टाकायला लागते. जग असं वागणूक बदलत असेल तर मला ते जिंकल्यासारखं वाटतं.

डीएमचा वेळ वाचतो, हीसुद्धा डोस्कव्होलची मोठी जमेची बाजू. तासभर चालणारी योजना आखायची नाही. थेट चोरीत घुसायचं, आणि अडलं की ‘याची तयारी आधीच केली होती’ असा फ्लॅशबॅक सांगून त्याच्या बदल्यात कॅरेक्टरवर थोडा स्ट्रेस घ्यायचा. पण डी20 (डीअँडडीचा वीस बाजूंचा फासा) आणि लेव्हल यांवर जीव असलेल्या टेबलाला नवी सिस्टिम शिकावी लागेल. त्याला तयारी नसेल तर आग्रह करू नका.

ग्लोरांथा मला सगळ्यात जास्त आवडतं, आणि तेच सुचवताना मी सगळ्यात जास्त वेळ घेते. ग्रेग स्टॅफर्डच्या या जगावर आधारलेला रूनक्वेस्ट हा खेळ 1978 मध्ये आला. 2018 मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. हे कांस्ययुगीन जग आहे आणि इथली पुराणं शब्दशः खरी आहेत. पृथ्वी सपाट, वर आकाशाचा घुमट. आपण पुराणकथा ऐकत वाढलो, त्यामुळे देवाने पूर्वी जे केलं तेच विधीत पुन्हा करून दाखवायचं, ही कल्पना आपल्याला परकी वाटत नाही. तिथे वीर खरोखरच देवाच्या कथेत शिरतो आणि परतताना बरोबर काहीतरी आणतो, किंवा गमावतो.

कॅरेक्टर बनवतानाच आजी-आजोबांपासूनचा इतिहास फाशांवर काढायचा असतो. त्यातून घराण्याबद्दलचं प्रेम, एखाद्या टोळीबद्दलचा द्वेष अशा पॅशन टक्क्यांत मिळतात, आणि भर लढाईत त्यांवर फासा टाकून बळ मिळवता येतं. साहस साधारण एका ऋतूला एक. वर्षाला पाच ऋतू आणि शेवटी दोन आठवड्यांचा सेक्रेड टाइम. मधल्या काळात तुम्ही शेती करता, गुरं राखता, देवळाला देणं देता. इथे कोणी एकटा भटका नसतो. प्रत्येकाला कूळ असतं, आणि कुळाला शेजारी. अडचण एवढीच की वाचायला भरपूर आहे, लढाईचे नियम किचकट आहेत, आणि घाव डोक्याला लागला की पायाला हेही फाशावर ठरतं. महिन्याकाठी एकदा भेटणाऱ्या ग्रुपला हे झेपणं कठीण. वर्षभर नेमाने जमणाऱ्यांना यासारखं दुसरं काही नाही.

प्लेनस्केपबद्दल मात्र थोडं हातचं राखून. 1994 चं हे जग म्हणजे सिगिल, दारांचं शहर, जिथून कुठल्याही दुसऱ्या जगात जाता येतं, फक्त त्या दाराची किल्ली ओळखता आली पाहिजे. ती किल्ली एखादी वस्तू असेल, शब्द असेल, नाहीतर हावभाव. श्रद्धेने वास्तव बदलतं, ही त्यातली सर्वोत्तम कल्पना: आउटलँड्स या प्रदेशातल्या एखाद्या गेट-टाउनच्या, म्हणजे दुसऱ्या जगाच्या वेशीवरच्या गावाच्या, रहिवाशांची वृत्ती त्या शेजारच्या जगासारखी फारच झाली, तर अख्खं गाव तिकडे सरकतं. पण ही कल्पना फाशांपर्यंत क्वचितच पोचते. सगळा भार डीएमच्या जिभेवर. 2023 चा तीन पुस्तकांचा संच देखणा आहे. गप्पांत रमणारं, वाद घालणारं टेबल असेल तरच घ्या.

जहाज हवंय म्हणून स्पेलजॅमरकडे, म्हणजे अवकाशात जहाजं फिरणाऱ्या डीअँडडीच्या जगाकडे, बघत असाल तर थांबा. 2022 च्या संचात जहाजांच्या लढाईचे नियम फारच तोकडे आहेत. त्यापेक्षा द वाइल्डसी हा खेळ घ्या. समुद्राच्या जागी अफाट जंगल पसरलंय आणि जहाजं पुढे करवती लावून झाडांच्या शेंड्यांवरून चालतात. जहाज खेळाडूंनी मिळून बांधायचं असतं, प्रवासाला स्वतःचे नियम आहेत, आणि कॅरेक्टर निवडुंगाचं किंवा कोळ्यांच्या अख्ख्या वसाहतीचंही असू शकतं.

आणि टेबल अजून द्विधा मनःस्थितीत असेल, दोघांना वेगळं हवंय आणि दोघांना डीअँडडी सोडायचंच नाही, तर एबेरॉन. डीअँडडीसाठी नवं जग शोधण्याच्या 2002 च्या स्पर्धेत 11,000 च्या आसपास प्रवेशिकांतून कीथ बेकरची ही कल्पना निवडली गेली आणि 2004 मध्ये पुस्तक आलं. जादू इथे रोजच्या वापराची: विजेवर धावणाऱ्या गाड्या, आकाशात जहाजं, युद्धासाठी घडवलेले आणि युद्ध संपल्यावर बेकार झालेले वॉरफोर्ज्ड, म्हणजे जिवंत यंत्रमानव. ड्रॅगनच्या रंगावरून तो चांगला की वाईट ते कळत नाही, त्यामुळे जुन्या खेळाडूंचे सगळे आडाखे चुकतात. सायर हे राज्य एका दिवसात उद्ध्वस्त झालं. कशामुळे, ते पुस्तक मुद्दामच सांगत नाही. उत्तर तुमच्या डीएमने ठरवायचं. पाचव्या आवृत्तीचं 2019 चं पुस्तक त्यासाठी पुरेसं आहे, आणि रूपांतराची कसलीच कटकट नाही. शार्न शहरात एक खून करा, वॉरफोर्ज्डला साक्षीदार करा, आणि पुढच्याच आठवड्यात सुरू करा.