अकरा विजयांपैकी अहवालात दहाच : निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालांचे सांगोल्यापुरते परीक्षण

महाराष्ट्र विधानसभेच्या प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल भारत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. सोलापूर जिल्ह्याच्या राजकारणावर लिहिणारे वार्ताहर, स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी आणि निकालांचे आकडे तोंडपाठ असलेली हौशी मंडळी या सर्वांसाठी यापेक्षा अधिकृत साधन नाही. या अहवालांचा कस पाहायचा असेल, तर जिल्ह्यातील ११ मतदारसंघांपैकी सांगोला घ्यावा. एकाच पक्षाचा एकच उमेदवार अर्धशतकाहून अधिक काळ जेथे केंद्रस्थानी राहिला, तेथे आकडे कोठे बोलतात आणि कोठे गप्प बसतात हे चटकन लक्षात येते.

प्रथम गुण सांगतो. प्रत्येक अहवालात मतदारसंघनिहाय एक सारांश तक्ता असतो. एकूण मतदार, झालेले मतदान, वैध मते, विजयी व दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार आणि त्यांच्यातील फरक हे सारे त्यात एका ठिकाणी वाचता येते. शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) गणपतराव देशमुख १९६२ मध्ये पहिल्यांदा निवडून आले. त्या वर्षापासून हे तक्ते क्रमाने वाचत गेल्यास १९९५ मध्ये काँग्रेसच्या शहाजीबापू पाटील यांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी हरवल्याचे दिसते. पुढे १९९९ ते २०१४ या चारही निवडणुका देशमुखांनी जिंकल्या. २०१९ मध्ये ते स्वतः रिंगणात नव्हते, तेव्हा शिवसेनेच्या तिकिटावर उभ्या असलेल्या त्याच शहाजीबापूंनी गणपतरावांचे नातू अनिकेत देशमुख यांना ७६८ मतांनी मागे टाकले. जिल्ह्यात इतक्या निसटत्या फरकाने दोनदा जिंकलेला नेता चटकन आठवत नाही. ‘काय झाडी, काय डोंगार’ या त्यांच्या फोनवरील उद्गारांमुळे २०२२ मध्ये राज्यभर झालेल्या त्यांच्या प्रसिद्धीच्या गोंगाटात ही गोष्ट काहीशी झाकली गेली.

आता दोष, आणि तो किरकोळ नाही. गणपतराव अकरा वेळा आमदार झाले, हे सोलापुरात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु सार्वत्रिक निवडणुकांचे सर्व अहवाल समोर ठेवून विजय मोजले, तर ते दहाच भरतात. १९६२, १९६७, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ ही वर्षे सापडतात. १९७४ ची पोटनिवडणूक मात्र या मालिकेत कोठेच बसत नाही, कारण हे अहवाल सार्वत्रिक निवडणुकांपुरतेच आहेत. १९७२ च्या अहवालात गणपतरावांचा पराभव आणि १९७८ च्या अहवालात त्यांचा विजय वाचणाऱ्याचा असा समज होतो की, मधली सर्व वर्षे ही जागा काँग्रेसकडेच होती. प्रत्यक्षात दोन वर्षांतच ती शेकापकडे परत आली होती. पोटनिवडणुकांचे निकाल त्या त्या विधानसभेच्या अहवालाला पुरवणी म्हणून जोडले असते, तर हा घोटाळा टळला असता.

दुसरी अडचण मतदारसंघाच्या नावाची आहे. अहवालांत सांगोला हे नाव कायम राहते, परंतु त्याखालील भूगोल तोच राहिला असे गृहीत धरता येत नाही. विधानसभेच्या जागा १९६२ मध्ये २६४, १९६७ मध्ये २७० आणि १९७८ पासून २८८ झाल्या. २००८ च्या पुनर्रचनेनंतर सांगोल्याला २५३ हा क्रमांक मिळाला असून त्यात पंढरपूर तालुक्यातील काही गावेही येतात. अहवाल यांपैकी काहीही समजावून सांगत नाही. मतदानाचे वय १८ वर आल्यानंतरची पहिली विधानसभा निवडणूक १९९० ची होती, त्यामुळे १९८५ आणि १९९० च्या मतदारसंख्येची सरळ तुलना करणाऱ्यानेही सावध राहिले पाहिजे. १९६० पूर्वीच्या निवडणुका तत्कालीन मुंबई राज्याच्या अहवालांत शोधाव्या लागतात, हे नवख्याला आधी सांगावे लागते.

युती-आघाड्यांच्या बाबतीत तर हे अहवाल निव्वळ खतावणी आहेत. २०२४ मध्ये शेकापचे बाबासाहेब देशमुख यांनी शहाजीबापूंना सुमारे २५ हजार मतांनी हरवले. राज्यात शेकापला मिळालेली ती एकमेव जागा होती. तिसऱ्या क्रमांकावर शिवसेनेच्या ठाकरे गटाचे दीपक साळुंखे होते. ठाकरे गट आणि शेकाप एकाच महाविकास आघाडीतील असूनही येथे समोरासमोर लढले, हा त्या निवडणुकीचा खरा गाभा होता, आणि तो तक्त्याच्या कोणत्याही रकान्यात मावत नाही. आयोगाने तो सांगावा अशी माझी अपेक्षाही नाही. त्यासाठी शहरातील वाचनालयांत स्थानिक दैनिकांचे जुने अंक चाळणे हाच मार्ग आहे. मात्र इंग्रजीतील नावांचे स्पेलिंग एका अहवालातून दुसऱ्यात बदलते, त्यामुळे शोधखिडकीवर विसंबून राहता येत नाही. ही उणीव आयोगाला सहज दूर करता येईल, आणि मराठीतील आवृत्ती निघाली तर ती आपोआपच दूर होईल.

अलीकडच्या निवडणुकांसाठी अहवालासोबत नमुना २० जरूर पाहावा, कारण त्यात मतदान केंद्रनिहाय मते असतात आणि २०१९ मधील ते ७६८ कोठून आले याचा माग काढता येतो. तेथे जाताना मतदान केंद्रांची यादी हाताशी ठेवावी. नमुना २० मध्ये केंद्राचा क्रमांक असतो, गावाचे नाव नसते.