चुंबक न चिकटलेले '३०४' : गॅरेजच्या कामातील फसवणूक

आमच्या घराच्या उजव्या अंगाला जांभ्या चिऱ्याचे जे गॅरेज आहे, ते वडिलांनी मारुती ८०० साठी बांधले होते. ती गाडी ३.३३५ मीटर लांब आणि १.४४ मीटर रुंद. तिच्या मापाच्या त्या खोलीत पाच मीटरांहून लांब आणि आरशांसकट दोन मीटरांच्या पुढे जाणारी विजेवरची गाडी मावणे शक्यच नव्हते. माझ्या धाकट्या भावाने, जो रत्नागिरीत वैद्यकीय व्यवसाय करतो, गेल्या वर्षी अशी एक महागडी गाडी नोंदवली आणि मागची भिंत सरकवून, वर नवा पत्रा घालून, विजेवर उघडणारे दार, चार्जर आणि एपॉक्सीच्या (रसायनाचा कडक, गुळगुळीत थर) लेपाची जमीन असे सगळे काम एकाच ठेकेदाराला द्यायचे ठरले. घर आणि बागायत मी पाहत असल्यामुळे कामावर देखरेख माझी होती. अलिबागकडे बंगल्यांची कामे केल्याचे सांगणारा जिल्ह्याबाहेरचा एक ठेकेदार एका परिचिताच्या ओळखीने आला आणि त्याने ७ लाख ३० हजार रुपये अधिक १८ टक्के कर, म्हणजे एकूण ८ लाख ६१ हजार ४०० रुपयांचे कोटेशन दिले.

ते कोटेशन दिसायला अतिशय व्यवस्थित होते. दाराच्या चौकटीपुढे 'एसएस ३०४, मरीन ग्रेड' (एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील, ३०४ हा त्याचा प्रकार), पत्र्यापुढे 'गॅल्वल्यूम ०.५०' (जस्त-ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला, अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा), वायरीपुढे '६ चौरस मिलिमीटर, तांबे', असे शब्द ठळक अक्षरांत होते. रकमेचे टप्पे मात्र त्याच्या सोयीचे होते : ४० टक्के आगाऊ, ४० टक्के माल दारात उतरल्यावर आणि केवळ २० टक्के काम संपल्यावर. हे टप्पे मान्य होण्याला कोकणातले एक कारण आहे, आणि अशा ठेकेदारांना ते आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या किनाऱ्यावर मे महिन्यात उघडे छप्पर ठेवून कोणी घासाघीस करीत बसत नाही. तो एप्रिलच्या अखेरीस छप्पर उतरवतो आणि मग 'काका, पावसाच्या आत उरकायचे असेल तर मालाचे पैसे आजच सोडा' असे म्हणतो. आम्ही ८० टक्के रक्कम, म्हणजे सुमारे ६ लाख ८९ हजार रुपये, पाऊस सुरू होण्यापूर्वी दिली. ती बँकेमार्फत दिली असली, तरी जमा झाली ती व्यवसायाच्या चालू खात्यात नव्हे, तर एका व्यक्तीच्या बचत खात्यात.

माल उतरला त्या दिवशी मी स्टीलबद्दल विचारले, तेव्हा त्याने खिशातून चुंबक काढून चौकटीवर ठेवला. तो खाली पडला. 'लोखंड असते तर चिकटले असते, हे अस्सल तीनशेचार आहे,' असे त्याने चार माणसांसमोर सांगितले. हे प्रात्यक्षिक इतके पटण्याजोगे असते की पुढे प्रश्न विचारणे उद्धटपणाचे वाटावे. परंतु त्यात सिद्ध काहीच होत नाही. २०२ या स्वस्त प्रकारच्या स्टीललाही चुंबक जवळजवळ धरत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ मध्ये निकेल कमी करून त्याची जागा मँगनीजने भरून काढलेली असते, म्हणून ते स्वस्त पडते आणि म्हणूनच खाऱ्या हवेत लवकर हार मानते. समुद्राच्या इतक्या जवळ खरे तर ३०४ वरही तपकिरी डाग येतात. 'मरीन ग्रेड' ज्याला म्हणतात ते ३१६ असून त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते. याचा अर्थ 'एसएस ३०४, मरीन ग्रेड' ही कोटेशनमधली ओळच मुळात विसंगत होती, आणि या धंद्यातल्या कोणालाही ती वाचताक्षणी खटकली असती.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास चौकटीच्या जोडांवर आणि दाराच्या पट्ट्यांवर गंज उतरू लागला. ठेकेदाराचे उत्तर तयार होते : समुद्राजवळ असे होतेच, पॉलिश मारून घ्या. त्यानंतर रत्नागिरीजवळच्या मिरजोळे औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेटरला, म्हणजे धातूची चौकटी-दारे बनवणाऱ्याला, आम्ही बोलावले. त्याने चौकटीचा कोपरा घासून स्वच्छ केला, त्यावर बाटलीतल्या द्रावणाचा एक थेंब टाकला आणि लहान बॅटरीची दोन टोके टेकवली. थेंब लालभडक झाला, म्हणजे त्यात मँगनीज भरपूर होते आणि स्टील २०२ च्या जातीचे होते. त्याच्या पिशवीतल्या ३०४ च्या तुकड्यावर तोच प्रयोग केल्यावर लाल रंग आला नाही. 'भाऊ, चुंबकावर कधी जाऊ नका,' तो म्हणाला, 'भंगारवालासुद्धा थेंब टाकल्याशिवाय भाव करत नाही.' ही बाटली काही शे रुपयांत मिळते आणि परीक्षेला दोन मिनिटे लागतात. मोठ्या भंगार व्यापाऱ्यांकडे आणि तपासणी प्रयोगशाळांकडे धातूवर रोखताच घटकांची टक्केवारी दाखवणारे यंत्रही असते. माल गाडीतून उतरवण्यापूर्वी ही परीक्षा घेण्याची अट कोटेशनमध्ये असती, तर तो माल दारातूनच परत गेला असता.

विजेच्या कामातली लबाडी मात्र गाडीनेच पकडली. ७.४ किलोवॅटचा चार्जर एका फेजवर ३२ अँपिअर प्रवाह तासन् तास घेतो, त्यामुळे वायर आणि अर्थिंग या दोन गोष्टींत तडजोड चालत नाही. नवी गाडी पहिल्याच रात्री चार्ज होण्यास नकार देऊन अर्थिंगचा दोष दाखवू लागली. ठेकेदाराच्या वीजतंत्र्याने यावर सुचवलेला उपाय असा होता की अर्थिंग तपासणारी सोयच बंद करणारा एक जोड मध्ये बसवावा. पावसाळ्यात, ओल्या जमिनीवर उभे राहून गाडीला हात लावणाऱ्या माणसाच्या जिवाशी हा खेळ आहे, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त संताप आला तो या सूचनेचा. जांभ्याच्या कातळात अर्थिंग नीट होणे मुळातच कठीण असते, कारण हा दगड पाणी धरून ठेवत नाही आणि उन्हाळ्यात खडखडीत कोरडा पडतो. म्हणून नळी खोलवर न्यावी लागते, भोवती योग्य भरण घालावे लागते आणि शेवटी मीटर लावून रोध मोजावा लागतो. आमच्याकडे अर्थिंगचा मीठ-कोळशाचा खड्डा वरून सुरेख बांधलेला होता, पण उकरल्यावर आत हातभर लांबीची नळी सापडली.

त्याच वेळी दुसऱ्या वीजतंत्र्याने चार्जरची वायर सोलून एक तार पात्याने खरवडली, तेव्हा वरचा तांबूस थर जाऊन आतला पांढरा ॲल्युमिनियम दिसला. आवरणावर मात्र ६ चौरस मिलिमीटर, तांबे आणि आयएसआय चिन्ह असे सर्व काही छापलेले होते. अशा वायरीवर आयएसआय चिन्हासोबत परवाना क्रमांक असतो आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) 'बीआयएस केअर' या शासकीय ॲपवर टाकून पाहता येतो. आमच्या वायरीवरचा क्रमांक टाकला असता त्या ॲपवर असा परवानाच निघाला नाही.

पत्र्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही : मायक्रोमीटरने मोजला तेव्हा ०.५० ऐवजी ०.३५ मिलिमीटर भरला. एपॉक्सीची गोष्ट थोडी वेगळी आहे. खालून ओल चढणाऱ्या कोब्यावर एपॉक्सी टिकत नाही, आणि जमिनीखाली प्लास्टिकचा कागद अंथरलेला नसेल तर कोकणात पावसाळाभर ओल चढतच राहते. हात-सव्वा हात चौरस प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर जमिनीवर ठेवला आणि सकाळी त्याखाली दव धरलेले दिसले, की थर लावायचा नाही, एवढी ती परीक्षा सोपी आहे. येथे नवा कोबा पुरता वाळण्याआधीच त्याच्यावर रंगासारखा पातळ थर फिरवला गेला आणि श्रावणात त्याचे पापुद्रे टायरांबरोबर निघून येऊ लागले.

कागदपत्रे वकिलांसमोर मांडली, तेव्हा आणखी एक बाब उघड झाली. १८ टक्के कराची रक्कम ज्या कागदावर घेतली गेली, तो करबीजक नसून केवळ 'प्रोफॉर्मा', म्हणजे अंदाजी बिल, होता. त्यावरचा १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक महाराष्ट्राच्या २७ या आकड्यानेच सुरू होत होता, परंतु जीएसटीच्या संकेतस्थळावर करदाता शोधण्याची जी सोय सर्वांना खुली आहे, तेथे तो क्रमांक टाकल्यावर नोंदणी रद्द झालेली दिसली. म्हणजे कराच्या नावाखाली घेतलेले पैसे सरकारकडे जाण्याचा मार्गच नव्हता. वॉरंटी कार्डावरही दाराच्या उत्पादकाचा नव्हे, तर ठेकेदाराचा स्वतःचा शिक्का होता.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, त्यामुळे ठेकेदाराच्या गावी खेटे घालण्याची गरज पडली नाही. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते. ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही, ५ ते १० लाखांसाठी ते २०० रुपये आहे. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते, आणि 'पॉलिश मारून देतो', 'माणूस पाठवतो' अशा आश्वासनांत ती सहज निघून जाते. आम्ही प्रत्येक आश्वासन लेखी मागितले आणि शेवटचे २० टक्के रोखून धरले. तक्रारीपूर्वी पाठवलेल्या नोटिशीला ठेकेदाराने जे उत्तर दिले, त्यात '३०४' हा स्टीलचा प्रकार नसून दाराचा मॉडेल क्रमांक असल्याचे म्हटले आहे. 'एसएस' या अक्षरांबद्दल त्यात एक शब्दही नाही.

तक्रार आता जिल्हा आयोगासमोर आहे. मालाच्या दोषाचा वाद असेल तर आयोगाला नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो, म्हणून चौकटीचा कापलेला तुकडा, वायरीचा हातभर भाग आणि पत्र्याची पट्टी पंचांसमक्ष पाकिटात बंद करून ठेवली आहे आणि तपासणीचा अर्ज दिला आहे. अर्थिंग तेवढे नव्याने करून घेतले, कारण ते थांबण्यासारखे नव्हते. दार आणि पत्रा, तपासणी होईपर्यंत, जसेच्या तसे ठेवण्याचा सल्ला वकिलांनी दिला आहे.