हिटलर्स टेबल टॉक : घेण्याआधी आतलं पान उलटा

संभाजीनगर असो की नांदेड, रस्त्यावरच्या पुस्तकगाड्यांवर हिटलरचं आत्मचरित्र हमखास दिसतं. त्याच्या खासगी गप्पांचा हा जाडजूड इंग्रजी ठोकळा मात्र बहुधा मागवूनच घ्यावा लागतो. मागवा, पण हातात काय पडणार आहे ते ठाऊक असू द्या.

नावावरून वाटतं, टेप लावून बोलणं उतरवलंय. तसं नाही. जुलै १९४१पासून हिटलरचा उजवा हात असलेल्या मार्टिन बोरमानच्या सांगण्यावरून त्याचा सहायक हाइनरिश हाइम जेवताना मुद्दे टिपायचा आणि नंतर टंकलेखिकेला मजकूर सांगायचा. रात्रीच्या चहावेळच्या गप्पा तर बऱ्याचशा आठवणीवरच. वरून बोरमानचा हात फिरायचा. १९४२च्या मार्च ते ऑगस्टमध्ये हाइमच्या जागी हेन्री पिकर होता. तेव्हा ‘हिटलर म्हणाला’ दिसलं की ‘हाइमला असं आठवलं’ असं वाचायचं. महानुभाव पोथ्यांचे पाठभेद पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

खरी खोट भाषांतरात आहे. ब्रिटिश इतिहासकार ट्रेव्हर-रोपरची प्रस्तावना असलेली १९५३ची इंग्रजी आवृत्ती बरीचशी फ्रान्स्वा जनू या नाझीधार्जिण्या स्विस माणसाच्या फ्रेंच भाषांतरावरून केलेली. त्यामुळे ख्रिस्ती धर्मावरची काही वाक्यं जर्मन मजकुरात तशी सापडतच नाहीत, आणि वादात नेमकी तीच फेकली जातात. (मूळ जर्मनमध्येही हिटलर चर्चवर तोंडसुख घेतोच, उगंच दुसरं टोक गाठू नका.) मुखपृष्ठ कितीही चकचकीत असो, आत ट्रेव्हर-रोपर दिसला की माल तोच. जर्मन येत असेल तर योखमान यांनी १९८०मध्ये संपादित केलेल्या हाइमच्या नोंदी घ्या. पिकरच्या नोंदी १९५१पासून वेगळ्या छापलेल्या आहेत.

सलग वाचाल तर कंटाळाल. गडी तेच तेच दळतो. आधी ऑगस्ट १९४१ उघडा. इंग्रजांना जसा हिंदुस्थान, तसा आम्हाला रशिया, हा त्याचा हिशेब तिथे आहे. तो भारताचा कैवारी होता, ही आपल्याकडची समजूत त्या पानांवर टिकत नाही.

आवाजच ऐकायचा असेल तर पैसे खर्चू नका. ४ जून १९४२ला, फिनलंडचा सरसेनापती मानरहाइमच्या पंचाहत्तरीला, तिथेच रेल्वेच्या डब्यात थॉर डामेन या ध्वनितंत्रज्ञाने हिटलरच्या नकळत त्याच्या बोलण्याची सुमारे ११ मिनिटांची टेप केली. ती इंटरनेटवर फुकट मिळते. सभेतली आरडाओरड नाही, खालच्या पट्टीतलं साधं बोलणं आहे. रशियाकडे इतके रणगाडे निघतील असं वाटलं नव्हतं, हे तो त्यात स्वतःच्या तोंडाने कबूल करतो.