एमएम 540 मध्ये डीआय इंजिन: आठ महिन्यांचा हिशेब

मूळ एक्सडीपी 4.90 डिझेल इंजिन उतरवून एमडीआय 3200 हे डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन बसवलेली ही महिंद्राची एमएम 540 जीप ठाण्यात आठ महिने रोज चालते आहे. रनिंग सुमारे 6,000 किमी. घोडबंदर रोडची गर्दी, मुंब्रा बायपास आणि पावसाळ्यात मुरबाडमार्गे माळशेज, सगळं त्यात आलं. इंजिनाने तक्रारीला जागा ठेवली नाही. त्रास दिला तो भोवतालच्या सामानाने.

जुनं इंजिन 2112 सीसीचं, इनडायरेक्ट इंजेक्शन (डिझेल आधी छोट्या कप्प्यात फवारणारं), सकाळी हीटर तापवल्याशिवाय चालू न होणारं. नवं 2523 सीसीचं, डायरेक्ट, म्हणजे डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं. थंडीतही एका सेल्फमध्ये उठतं. खालच्या फेऱ्यांवर ओढ इतकी की गायमुखच्या चढावर रांग सरकत असताना दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर न दाबता गाडी चालत राहते. मात्र वरच्या फेऱ्यांवर जोर नाही, 3200 आरपीएमला खेळ संपतो. म्हणून इंजिन घेण्याआधी मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचं) कव्हर उघडून दात मोजा. क्राउनला (मोठ्या चक्राला) 43 आणि पिनियनला (छोट्या चक्राला) 8 दात असतील तर रेशो 5.38. 6.00-16 टायरवर टॉप गिअरमध्ये 3200 आरपीएमला जेमतेम 80 किमी वेग मिळतो, आणि 60 च्या वेगालाच इंजिन 2,400 च्या आसपास फिरत असतं. 39 ला 8 (4.88) असेल तर तेच 3200 आरपीएम 88-89 ला येतात. नाशिक हायवेवर वेग हवा असेल तर हा खर्च करू नका.

इंजिन एकटं घेऊ नये. बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं आवरण), फ्लायव्हील, क्लच सेट, स्टार्टर, माउंटिंगचे ब्रॅकेट, अल्टरनेटर आणि फॅन एकाच गाडीतून उतरलेले घ्या. सुटे जमवलेले भाग लेथवर जुळवून घेता येतात, पण तिथेच घोळ होतो. बेल हाउसिंगचं भोक क्रँकच्या मध्याशी डायल गेज लावून तपासा. पूर्ण फेरीत काटा 0.13 मिमीपेक्षा जास्त हलला तर क्लच धरताना थरथर, इनपुट बेअरिंगचा आवाज आणि पुढे गिअर सटकणं हे ओघानेच येतं. बहुतेक गॅरेजमध्ये ही तपासणी होत नाही, कारण त्यात अर्धा दिवस जातो. पायलट बेअरिंग (क्रँकच्या टोकात गिअरबॉक्सचा शाफ्ट धरणारं) नवंच टाका.

माउंटिंग वेल्ड करण्याआधी पुढचे पाटे बंप स्टॉपला (पाट्यांची हालचाल थांबवणाऱ्या रबराला) टेकेपर्यंत दाबून चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) आणि पुढच्या डिफरन्शियलमधलं अंतर बघा. एक इंच तरी हवं. नसेल तर इंजिन पॅकिंगने उचलण्याचा मोह होतो, पण पुढून उचललं की गिअरबॉक्सची शेपूट खाली झुकते, प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस लवकर जातात.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं इंजिन गरम होण्याने. लक्षण नीट ओळखा. हायवेला तापमानाचा काटा जागेवर आणि माजिवड्याच्या सिग्नलला चढतो, म्हणजे दोष बहुधा हवेच्या ओढीचा. फॅन आणि रेडिएटरमध्ये साधारण एक इंच अंतर आणि पात्यांची अर्धी रुंदी श्राउडच्या (फॅनभोवतीच्या कड्याच्या) आत, एवढं केल्यावर काटा थांबला. त्याआधी रेडिएटर मात्र उगाच बदलून झाला होता.

अल्टरनेटरच्या मागच्या, ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्यूम पंपाला इंजिनाचं ऑइल जातं. परतीचा पाईप चेंबरकडे सलग उतरता ठेवा. तो दबला की पंपात ऑइल साचतं आणि ब्रेकचं पेडल दगडासारखं होतं. चेसिस ते इंजिन अर्थची जाड पट्टी विसरली तर स्टार्टरचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल जळते. डिझेलची रिटर्न लाइन टाकीतच न्या, शिवाय वॉटर सेपरेटर लावा.

कागदांचं काम आधी. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरटीओची मंजुरी लागते. ती न घेता बदल झाला असेल तर 14 दिवसांत कळवावं लागतं. इंजिनाचं बिल आणि ते ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची प्रत जपून ठेवा. आरसीवर नवा इंजिन नंबर चढला की विमा कंपनीलाही कळवा.

ॲव्हरेज शहरात 10, बाहेर 12. आवाज आणि कंप दोन्ही वाढले. न्यूट्रलला आरशात मागची गाडी धूसर दिसते. पहिल्या 500 किमीनंतर माउंटिंगचे दोन बोल्ट ढिले सापडले, आता दर ऑइल बदलाला पाना लावून बघतो.