स्कॉर्पिओला स्नॉर्केल: उमरेडची धूळ, नवतपा आणि टांगलांग ला

माझं काम सर्व्हेचं. आठवड्यातले चार दिवस गाडी नागपूरहून उमरेडकडे, नाहीतर वणीकडे, वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) कोळसा खाणींच्या रस्त्यांवर असते. टिप्परच्या मागे पाच मिनिटं चाललं की काचेवर पिठासारखा थर बसतो. गाडी २०१६ ची डिझेल स्कॉर्पिओ. मागच्या वर्षी मे महिन्यात हिंगणा रोडवरच्या एका गॅरेजमध्ये तिला स्नॉर्केल, म्हणजे इंजिनसाठी छताच्या उंचीवरून हवा ओढणारा पाइप, बसवून घेतलं. तेव्हापासून दोन उन्हाळे आणि लेहची एक वारी झाली, म्हणून आता खात्रीने लिहितो.

आधी माझी चूक सांगतो, कारण तीच चूक करायला निघालेले बरेच जण मला भेटतात. स्नॉर्केलच्या आधी मी तेल लावलेल्या कापसाचा उघडा कोन फिल्टर लावला होता. दुकानदार म्हणाला, हवा जास्त, पिकअप जास्त, धुऊन परत वापरा. कंपनीचा बंद एअर बॉक्स काढून तो कोन बोनेटखाली उघडाच बसवला. पहिले दोन दिवस टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) आवाज छान ऐकू आला आणि मला वाटलं, गाडी पळतेय. दोन महिन्यांत इंजिनचा दिवा लागला. फिल्टरचं तेल उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसलं होतं.

ते बघायला म्हणून या गॅरेजमध्ये गेलो. बोनेट उघडल्या उघडल्या मिस्त्री म्हणाला, "भाऊ, बाहेरची हवा सोडून हा फिल्टर रेडिएटरची झळ खाऊन राहिला." मग त्याने जे केलं त्यामुळेच मी हे लिहायला बसलोय. फिल्टरच्या पुढचा, म्हणजे टर्बोकडे जाणारा पाइप काढून त्याच्या आतून बोटाने पांढऱ्या ग्रीसचा पातळ थर लावला, पाइप परत बसवला आणि म्हणाला, दोन दिवस तुमच्या नेहमीच्या रस्त्याने फिरून या. उमरेडच्या दोन फेऱ्या मारून परत आलो. पाइप उघडला तर ग्रीस राखेसारखं करडं झालेलं. त्याने ते माझ्या दोन बोटांत दिलं आणि चोळायला सांगितलं. करकर लागली. फिल्टरमधून निसटून आलेली धूळ होती ती! हीच करकर टर्बोच्या पात्यांवर आणि सिलिंडरच्या भिंतींवर घासत होती, रोज. पैसे मागण्याआधी माझ्या गाडीचा पुरावा माझ्याच हातात देणारा मिस्त्री मला पहिल्यांदा भेटला.

काम असं झालं. कंपनीचा बंद एअर बॉक्स परत आला, त्यात साधा कागदी फिल्टर. बॉक्सचं तोंड फेंडरमधून (पुढच्या चाकावरच्या पत्र्यातून) स्नॉर्केलला जोडलं, म्हणजे हवा आता छताच्या उंचीवरून येते. चाकं उडवतात त्या धुळीचा जाड भाग खालीच राहतो. वर टोकाला पारदर्शक वाटीचा सायक्लोन बसवला; हवा त्यात गरागरा फिरते, जड कण वाटीत पडतात. फेंडरला भोक पाडताना माझ्या पोटात गोळा आला होता, पण कागदाचा साचा तीनदा लावून बघितल्याशिवाय त्याने ड्रिल हातात घेतली नाही. कापलेल्या कडा कानशीने घासून त्यावर रेड ऑक्साइड मारला, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज धरतो. प्रत्येक जोडाला सीलंट लावून गाडी रात्रभर तशीच ठेवली.

सकाळी इंजिन चालू करून तो टपावर चढला आणि स्नॉर्केलचं तोंड पॉलिथिनने दाबून बंद केलं. दोन-तीन सेकंदांत इंजिन गुदमरून बंद पडलं. कुठूनही चोरून हवा येत नाही, याची ही खूण. इंजिन चालूच राहिलं असतं तर कुठेतरी जोड फुटका आहे आणि धूळही तिथूनच जाणार. स्नॉर्केल बसवणाऱ्या कुणाकडूनही ही चाचणी समोर उभं राहून करून घ्या. ग्रीसची चाचणीही आम्ही परत केली. उमरेडच्या त्याच दोन फेऱ्या, आणि ग्रीस पांढरंच्या पांढरं.

गरमीचं सांगतो. ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लावून आत येणाऱ्या हवेचं तापमान मी फोनवर बघतो. मे महिन्यात, बाहेर ४४ अंश असताना, कोन फिल्टरवर सीताबर्डीच्या गर्दीत हा आकडा ६८ वर गेला होता आणि वर्धा रोडवर वेग धरला तरी ५३ च्या खाली येत नव्हता. स्नॉर्केलवर गर्दीत ५५ आणि हायवेवर ४६-४७. हवा २० अंशांनी तापली की साधारण ६ टक्के विरळ होते, म्हणून फरक दिसतोच. पण तो एसी लावून बुटीबोरीचा उड्डाणपूल चढताना जाणवतो, सरळ रस्त्यावर नाही. मायलेजमध्ये मला काडीचाही बदल दिसला नाही.

आता उंची. स्नॉर्केल लावलं की लडाखमध्ये गाडी दमणार नाही, असं जे सांगितलं जातं ते खोटं आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर. लेहच्या वाटेवरची टांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरच्या वर, आणि तिथे हवेचा दाब जवळजवळ अर्धा. विरळ हवा कुठल्याही पाइपातून ओढा, ती विरळच राहते. ती दाबून आत भरायचं काम टर्बोचं, आणि टर्बोला फिरायला आधी इंजिनचा जोर लागतो. गेल्या जूनमध्ये वळणावर १,८०० आरपीएमच्या खाली गेलो की गाडी जागच्या जागी बसायची आणि मागे काळा धूर. पहिला गिअर टाकून आरपीएम वर ठेवायचा, हाच त्यावर उपाय. बिनटर्बोच्या पेट्रोल गाड्यांचे हाल तर बघवत नव्हते.

स्नॉर्केलने साथ दिली ती मनाली-लेह रस्त्यावरच्या मोरेच्या मैदानावर. पुढे लष्करी ट्रकांचा ताफा, रस्त्याचं काम चालू, सगळा आसमंत पांढरा. संध्याकाळी सायक्लोनच्या वाटीतून चहाच्या कपाला अर्ध्यापर्यंत भरेल एवढी धूळ काढली. तेवढी तरी कागदी फिल्टरपर्यंत पोचली नाही.

खर्च: किट ९,५००, सायक्लोन २,२००, मजुरी ३,५००. एका दिवसात देतो असं सांगूनही गाडीला तीन दिवस लागले, ते मला खटकलं; त्या तीन दिवसांत साइटला टॅक्सीने जावं लागलं. ऐंशीच्या वर खिडकीजवळ हवेचा आवाज येतो, त्याची सवय करावी लागते. वॉरंटीतली गाडी असेल तर फेंडर कापू नका, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांबद्दल आहे, ते काम करण्याआधी आरटीओत विचारून घ्या. आणि कागदी फिल्टर कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने साफ करू नका, कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. मी खाणीच्या रस्त्यांसाठी दर ५,००० किलोमीटरला नवाच टाकतो.

काचेजवळच्या खांबावरच्या ब्रॅकेटचे किटबरोबर आलेले स्क्रू मात्र एका पावसाळ्यात गंजले आणि आता खडबडीत रस्त्यावर स्नॉर्केल खडखडतं. मिस्त्रीने स्टेनलेस स्टीलचे मागवून ठेवलेत. पुढच्या आठवड्यात नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागतोय, त्याआधी गाडी नेऊन टाकतो.